तारीख सोडू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि चर्चिल-चरित्राची पहिली दोन प्रकरणे परवा हाती आली. पत्रात तू एकच प्रश्न तीन ठिकाणी, तीन तऱ्हेने विचारला आहेस: या माणसाला वीर म्हणायचे की बंगालचा मारेकरी? घरी आजोबा 1940 ची भाषणे पाठ म्हणून दाखवतात, मैत्रिणी 1943 च्या दुष्काळावरून तुला धारेवर धरतात, आणि या ओढाताणीत तू चार महिन्यांत एक ओळ पुढे गेलेली नाहीस. तुझी तगमग मला समजते, म्हणूनच त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण ते उत्तर फाडून टाकले, कारण त्यात मीही तुझ्यासारखाच दोन्ही पारड्यांत वजने टाकत बसलो होतो. तुझा प्रश्नच चुकला आहे. चरित्रकाराने विचारायचा प्रश्न एवढाच असतो: अमुक तारखेला या माणसाला काय ठाऊक होते, ते त्याला कोणी सांगितले होते आणि त्याने काय केले?

तुझ्या पहिल्याच पानावर तू लिहिले आहेस की 1896 च्या ऑक्टोबरात ‘जगाचा इतिहास बदलणारे पाऊल मुंबईच्या धक्क्याला लागले’. त्या दिवशी जगाचा इतिहास बदलणारे कोणीही मुंबईला आले नव्हते. आला होता बावीस वर्षेही पूर्ण न झालेला, वडिलांना पावणेदोन वर्षांपूर्वी गमावलेला, चौथ्या हुसार्स या घोडदळ पलटणीचा एक उतावळा अधिकारी. ससून डॉकच्या ओल्या, निसरड्या पायऱ्यांशी त्याची होडी लाटेबरोबर चार-पाच फूट वर-खाली होत होती. भिंतीतली लोखंडी कडी त्याने उजव्या हाताने धरली, तोच होडी खाली गेली आणि खांदा निखळल्यासारखा झटका बसला. तो खांदा पुढे जन्मभर त्याला छळत राहिला, आणि दोन वर्षांनी सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत हातात तलवारीऐवजी पिस्तूल घ्यावे लागले ते त्यामुळेच, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मी एकदा मुद्दाम पहाटे ससून डॉकला गेलो होतो. कोळणींच्या आरडाओरड्यात, बर्फाच्या आणि कोळंबीच्या ढिगांमधून वाट काढत धक्क्याच्या कडेला उभा राहिलो आणि एक होडी लाटेवर कशी चढते आणि कशी अचानक खचते ते अर्धा तास पाहत राहिलो. त्या अर्ध्या तासाने मला त्या पोराविषयी जे शिकवले, ते पाऊल-बिऊल लिहिण्याने तुला कधी कळणार नाही. 1940 चे ओझे 1896 च्या खांद्यावर देऊ नकोस. तारीख सोडू नकोस.

आता आजोबांच्या 1940 कडे वळू. 26 ते 28 मे या तीन दिवसांत युद्ध मंत्रिमंडळाच्या नऊ बैठका झाल्या. टेबलाभोवती मुख्य माणसे पाच: चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स, अ‍ॅटली आणि ग्रीनवुड. इटलीमार्फत हिटलरशी तहाच्या अटी निदान चाचपून पाहाव्यात, असे परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचे म्हणणे होते, आणि चर्चिल यांना पंतप्रधान होऊन तीन आठवडेसुद्धा झालेले नव्हते. तुझ्या टाचणात तू या प्रसंगाशेजारी लिहिले आहेस, ‘डंकर्कहून 3 लाख 38 हजार सैनिक सुखरूप परतले’. ही ओळ त्या पानावरून आजच खोड. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेले सैन्य समुद्रमार्गे काढून आणले, त्याची ती संख्या 4 जूनची आहे. 28 मेच्या दुपारी जेमतेम काही हजार सैनिक परतले होते, बेल्जियमच्या राजाने शरणागती पत्करली होती, आणि एकूण चाळीस-पंचेचाळीस हजार जरी हाती लागले तरी पुष्कळ, असा आरंभीचा अंदाज होता. लढत पडलेली राष्ट्रे पुन्हा उठतात आणि मान खाली घालून शरण गेलेली संपतात, हे चर्चिल यांनी त्या दिवशीच्या बैठकीत म्हटले ते या अंधारात. हातात 3 लाख 38 हजार असताना धीर धरणे आणि नसताना धरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तू पुढचा आकडा मागच्या पानावर आणून त्या माणसाचे धैर्यच पुसून टाकतेस, आणि वर मला विचारतेस की त्याला वीर म्हणू का.

आधीचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्याबद्दलही हेच. त्यांना तू हिटलरशी 1938 मध्ये केलेल्या म्युनिकच्या कराराचे चित्र म्हणून कोपऱ्यात उभे केले आहेस. पण मे 1940 मध्ये पक्ष त्यांच्या हातात होता, आणि शेवटी ते हॅलिफॅक्स यांच्या बाजूने गेले नाहीत म्हणून तो तोल टिकला. सहा महिन्यांच्या आत त्यांचा मृत्यू झाला. त्यांना त्यांचे तीन दिवस दे.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे तिथे येतो. चर्चिल यांनी स्वतः महायुद्धाचा इतिहास सहा खंडांत लिहिला, 1948 ते 1954 या काळात तो प्रसिद्ध झाला, आणि त्यातले गद्य असे आहे की वाचणारा मान डोलावत पुढे जातो. त्याच इतिहासात ते लिहितात की एकट्याने लढत राहावे की नाही, हा प्रश्न युद्ध मंत्रिमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आलाच नाही. नऊ बैठकांचे इतिवृत्त 1970 च्या दशकात खुले झाले तेव्हा लोकांना कळले की तीन दिवस मुख्यतः याच प्रश्नावर खल चालला होता. चर्चिल यांनी तो इतिहास लिहिला तेव्हा हॅलिफॅक्स हयात होते, त्यांना सांभाळून घेण्यासाठी हे झाले असेल. पण वाचकाला ते ठाऊक नसते. शिवाय त्या खंडांत चर्चिल यांनी धाडलेली टिपणे भरपूर आहेत आणि त्यांना आलेली उत्तरे फार थोडी. एका बाजूचाच पत्रव्यवहार वाचून भांडण कोणाचे खरे, हे आपण शेजाऱ्याच्या घरातसुद्धा ठरवत नाही.

मी मात्र ते ठरवले. 1994 साली माझे चर्चिल-चरित्र निघाले तेव्हा त्यात 1943 च्या पुण्याविषयी एक परिच्छेद होता. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी 10 फेब्रुवारीला 21 दिवसांचे उपोषण सुरू केले, त्यावरून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून लोकनायक बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले, इथपर्यंत सगळे बरोबर होते. पुढच्या वाक्यात मी लिहिले की गांधीजींना पाण्यातून ग्लुकोज दिले जात होते. चर्चिल यांनी आपल्या इतिहासात ते निश्चित म्हणून नोंदवले आहे, आणि मी ते जसेच्या तसे उचलले.

पुस्तक निघाल्यावर पुण्यातल्याच एका निवृत्त डॉक्टरांचे कार्ड आले. निळ्या शाईत, बारीक अक्षरात, दोनच ओळी: ‘ग्लुकोज दिल्याचा पुरावा कोणता? कोणत्या तारखेचा?’ मी उलटटपाली उत्तर धाडले की खुद्द चर्चिल यांनी तसे लिहिले आहे. ते कार्ड मी आजही जपून ठेवले आहे, कारण त्यातला दुसरा प्रश्न मला तेव्हा ऐकूच आला नव्हता.

पुष्कळ वर्षांनी मी ती तारीख शोधली. 13 फेब्रुवारी 1943 ला चर्चिल यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तार केली, आणि त्या तारेत विधान नव्हते, चौकशी होती: उपोषणाच्या वेळी गांधी पाण्यात ग्लुकोज घेतात असे ऐकले आहे, याची खातरजमा करता येईल का? व्हाइसरॉयचे उत्तर असे की तसे असू शकेल, पण गांधींच्या शुश्रूषेत राहिलेल्यांना ते खरे वाटत नाही. मागच्या एका उपोषणात गांधींनी ग्लुकोज दिले जाऊ नये म्हणून फार काळजी घेतली होती, आणि या वेळीही डॉक्टरांनी घ्या म्हणून आग्रह केला तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. म्हणजे त्या दिवशी जी शंका होती आणि जिचे खंडन लगोलग हाती आले होते, तीच सात-आठ वर्षांनी खंडात ‘निश्चित’ झाली, आणि आणखी चव्वेचाळीस वर्षांनी माझ्या मराठी वाक्यात, पुण्यात बसून, जिथे हे घडले तिथून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर.

तू म्हणशील, तेव्हा साधने कुठे होती? मीही स्वतःला हेच सांगत आलो आहे. मी शिकवत होतो, वडील अंथरुणावर होते, लंडनचे अभिलेखागार माझ्यासाठी चंद्राइतके दूर होते, आणि मी जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते. ज्याचे चरित्र लिहायचे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. पण सत्तांतराविषयीची जी कागदपत्रे ब्रिटिश सरकारने 12 खंडांत छापली, त्यांतला हा तारांचा खंड 1971 मध्येच निघाला होता आणि मी ज्या ग्रंथालयात रोज दुपारी बसत असे तिथल्या कपाटात होता. मी तो उघडला नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी वाक्य बदलता आले असते. मी म्हणालो, पाने लागली आहेत, राहू दे. डॉक्टर तोवर गेले होते.

म्हणून तारखेविषयी मी हट्टी झालो आहे, आणि हा हट्ट मी तुझ्यावर लादणार आहे. बुटाच्या खोक्यात मावतील अशा आकाराच्या कोऱ्या पत्रिका कर. एका तारखेला एक पत्रिका: वर तारीख, खाली त्या दिवशी चर्चिल यांना काय कळले होते, कोणाकडून, आणि त्यांनी काय केले. नंतर लिहिलेली आठवण वेगळ्या शाईने, कोणत्या वर्षी लिहिली तो आकडा घालून. हे कंटाळवाणे आहे हे मला सांगू नकोस. मला ठाऊक आहे.

आणि मैत्रिणींनी धास्तावून जाऊ नये म्हणून सांगतो, तारीख कोणाची वकिली करत नाही. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनेच बंगालच्या किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या, ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले, आणि भाव माणसांच्या हाताबाहेर गेले. 4 ऑगस्ट 1943 ला भारतमंत्री अ‍ॅमरी यांनी युद्ध मंत्रिमंडळापुढे सुमारे 5 लाख टन गव्हाची मागणी ठेवली. ठरले ते इराकमधील 1 लाख टनांपर्यंत जव आणि थोडा गहू, तोही थेट बंगालसाठी नव्हे. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावरच्या प्रेतांची छायाचित्रे छापली ती 22 ऑगस्टला, तेव्हा ‘छायाचित्रे पाहूनही नकार दिला’ असे 4 ऑगस्टच्या पानावर लिहिशील तर ते खोटे ठरेल. पण छायाचित्रांची गरजच नव्हती. मागणी समोर होती, इशारा समोर होता, आणि जहाजे दुसरीकडे लावली गेली. तारीख नीट धरलीस की आरोप सौम्य होत नाही, तो अधिक घट्ट बसतो.

मग त्यांचे चाहते 29 एप्रिल 1944 चे पत्र पुढे करतात. त्यात चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे ऑस्ट्रेलियातला गहू भारतात नेण्यासाठी जहाजे मागितली आणि रूझवेल्ट यांनी नकार दिला. पत्र खरे आहे, तू ते लिहिलेच पाहिजेस, गाळलेस तर मी प्रकरण परत पाठवीन. फक्त ते एप्रिल 1944 मध्ये लिही. ऑगस्ट आणि एप्रिल यांच्यामध्ये नऊ महिने आहेत, नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांची सततची टोचणी आहे, आणि माणसे मेली ती मुख्यतः त्याच काळात. सरकारी चौकशीने मृत्यू पंधरा लाख धरले. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या आसपास जातात. दोन्ही आकडे दे आणि कोणता कोणाचा ते सांग. भारतीय सशांसारखे वाढतात, हे उद्गार अ‍ॅमरी यांच्या नोव्हेंबर 1943 च्या रोजनिशीत आहेत, म्हणजे ऐकणाऱ्याने टिपलेले आहेत. तसे सांग, आणि सांगून झाल्यावर निर्भयपणे लिही. आणि जाता जाता पाहा, त्या सहा खंडांत बंगालच्या दुष्काळाला किती जागा मिळाली आहे. शोधायला भिंग लागेल.

28 मे 1940 आणि 4 ऑगस्ट 1943 या दोन्ही दिवशी टेबलाच्या त्या जागी तोच माणूस बसला होता. तुला त्यांच्यात मेळ घालायचा नाही, मध्ये पूल बांधायचा नाही, एकाने दुसऱ्याची फेड होते का याचा हिशेब मांडायचा नाही. आजोबांना 4 ऑगस्ट वाचावा लागेल आणि मैत्रिणींना 28 मे. त्यांना काय वाटायचे ते वाटू दे. तू त्यांच्यासाठी आधी वाटून घेऊ नकोस.

पहिले प्रकरण होडीपासून सुरू कर आणि पंधरा दिवसांत पाठव. व्हाइसरॉयच्या तारांचा तो खंड मी कालच ग्रंथालयातून काढून आणला आहे. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. 13 फेब्रुवारीच्या पानात डॉक्टरांचे कार्ड खूण म्हणून घातले आहे. ते तिथेच राहू दे आणि आधी त्या तारेचे उत्तर वाच.

तुझा,
सर