महागडं मॅनेकिन (सरावाचा पुतळा) नसताना एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पुराव्यावर आधारित, टीमने घ्यायचे निर्णय सिम्युलेशनमधून कसे शिकवावेत?

मॅनेकिनवाचून फारसं अडत नाही. अडतं ते केस लिहिताना. बहुतेक केसमध्ये सगळी माहिती एकाच विद्यार्थ्याच्या कागदावर असते, मग तो एकटाच बोलतो आणि नर्सिंगचे विद्यार्थी सलाइन धरून उभे राहतात. माहिती वाटून द्या, आणि ती एकत्र आल्याशिवाय निर्णय चुकेलच अशी केस बांधा.

सुरुवातीला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, म्हणजे पीपीएच, घ्या. इथे पुरावा भक्कम आहे आणि घड्याळाला बांधलेला आहे. २०१७ च्या 'वुमन' चाचणीत सुमारे २० हजार स्त्रिया होत्या. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या औषधाने रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले, पण औषध ३ तासांच्या आत मिळालं तरच. २०२३ च्या 'ई-मोटिव्ह' अभ्यासात खुणा असलेल्या ड्रेपमध्ये (बाईखाली अंथरायच्या, रक्त साठवणाऱ्या पिशवीत) रक्त मोजलं आणि गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. हे दोन पेपर दोन दिवस आधी द्या, सोबत एकच प्रश्न: कोणाला, किती, कधीपर्यंत?

आता कार्डं. टीम लीडरला (फायनल इयरचा विद्यार्थी) फक्त एवढंच: 'पीएचसीतून रेफर, नॉर्मल डिलिव्हरी, रक्तस्राव चालू'. प्रसूतीची वेळ नर्सिंगच्या विद्यार्थ्याच्या रेफरल चिठ्ठीवर, साडेतीन तासांपूर्वीची. दमा असल्याचं नातेवाईक झालेल्या इंटर्नला माहीत, पण विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. अ‍ॅनेस्थेशियाच्या रेसिडेंटला आधीच्या तपासणीतलं बीपी ठाऊक: १५०/१००. रक्तपेढी फोनवर. वेळ कोणी विचारलीच नाही, तर ट्रॅनेक्झॅमिक मुदत टळल्यावर जातं. दमा कळला नाही तर कार्बोप्रोस्ट चुकतं, बीपी कळलं नाही तर मेथर्जिन (दोन्ही गर्भाशय आवळणारी औषधं; पहिलं दम्यात टाळायचं, दुसरं वाढलेल्या बीपीत). पाठांतर चोख असलेला विद्यार्थी नेमका इथे फसतो.

सामान साधं. सलाइनच्या बाटलीत खाण्याचा लाल रंग, आयव्ही सेटने ड्रेपमध्ये सोडायचा. रोलरने वेग कमीजास्त होतो. पोटावरच्या कापडाखाली बीपीच्या कफची गुंडाळी ठेवा, बल्बने हवा भरली की गर्भाशय घट्ट. बीपी, पल्सचे आकडे कोणी मोजले तरच दाखवा. आपणहून सांगितलेत तर मोजायची सवय लागत नाही.

औषध 'दिलं' असं तोंडी चालवून घेऊ नका. अँप्यूल फोडायची, सिरिंजमध्ये ओढायची. पुढच्या फेरीत प्रसूतीची वेळ ४० मिनिटांपूर्वीची करा, म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक द्यावंच लागेल: ५ मिलीत ५०० मिग्रॅ असेल तर १ ग्रॅमला दोन अँप्यूल, म्हणजे १० मिली, १० मिनिटांत. घाईत एकदम ढकललं तर बीपी पडतं, तेव्हा आकडा तसाच खाली आणा. हुकूमही हवेत सोडायचा नाही. ज्याला सांगितलं त्याचं नाव, औषध, डोस, मार्ग. त्याने ते परत म्हणायचं आणि दिल्यावर वेळ सांगायची.

वेळेची वाटणी: १० मिनिटं ओळख, १२ मिनिटं केस, २५ ते ३० मिनिटं चर्चा. घाई झाली की चर्चाच कापली जाते, आणि खरं शिक्षण तिथेच असतं. केस चालू असताना शिक्षकाने गप्प बसायचं (आपल्याकडे हे सगळ्यात कठीण!). चर्चेत आधी 'कसं वाटलं', मग एक निर्णय निवडून त्याचीच चिरफाड. 'मेथर्जिन का दिलंस?' याने मुलं बचावात जातात. त्याऐवजी: 'बीपी न विचारता मेथर्जिन गेलेलं मी पाहिलं. त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?' उत्तर बहुधा 'सिस्टरनी विचारलं असेल असं वाटलं' असं येतं. मग नर्सिंगच्या विद्यार्थ्याला बोलू द्या, शक्यतो डॉक्टरांच्या आधी. रक्त किती गेलं याचा प्रत्येकाने लिहिलेला अंदाज ड्रेपवरच्या आकड्याशी ताडून पाहा. डोळ्याचा अंदाज बऱ्याचदा कमी निघतो.

दुसरी फेरी त्याच दिवशी, त्याच टीमकडून, पण भूमिका बदलून. गुण देऊ नका, निदान पहिले काही महिने तरी. परीक्षा म्हटली की 'मला माहीत नाही' कोणी म्हणत नाही.

एक खबरदारी: सरावाच्या अँप्यूलमध्ये डिस्टिल्ड वॉटरच ठेवा, प्रत्येकीवर 'फक्त सरावासाठी' चिकटवा आणि शेवटी मोजून परत घ्या. लेबर रूमच्या ट्रॉलीत त्यातली एकही जाता कामा नये.