अपघात जूनमधला, कलम जुलैमधले

प्रश्न : वकीलताई, २८ जून २०२४ च्या रात्री नवले पुलाजवळ माझ्या भाच्याच्या मोटारसायकलची धडक रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना बसली. भाचा पळाला नाही, रिक्षा थांबवून त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले. ४ जुलैला आजोबा वारले. गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखाली नोंदला होता, पण दोषारोपपत्रात तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले आहे. पाच वर्षे जाणार, असे जो तो म्हणतो. बहिणीच्या घशाखाली घास उतरत नाही. नवा कायदा आधीच्या अपघाताला लागतो का?
— एक मामा, धायरी

उत्तर : मामा, माझ्या मते लागत नाही. आधी ताईंना जेवायला बसवा, मग दोषारोपपत्र काढा.

त्यासोबत एफआयआरची प्रत असेल. रकाना २ मध्ये अधिनियम आणि कलम असते, रकाना ३ मध्ये घटना कधी घडली ते. तुमची सगळी बाजू या रकाना ३ वर उभी आहे. न्याय संहिता अमलात आली १ जुलै २०२४ ला. दंड संहितेच्या जुन्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकते. न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो, की कृत्य केले तेव्हा जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येते, आणि त्या कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर आणीबाणीतसुद्धा हे संरक्षण स्थगित करता येत नाही. केदारनाथ बजोरिया खटल्यात गुन्हा १९४७ चा होता आणि दंड वाढवणारा कायदा १९४९ चा. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव दंड काढून टाकला. अलीकडे, २०२५ मध्ये, छत्तीसगडच्या एका पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालील) प्रकरणातही तेच झाले. गुन्हा मे २०१९ चा आणि कडक शिक्षेची दुरुस्ती ऑगस्टची, म्हणून जुन्या तरतुदीप्रमाणेच शिक्षा दिली गेली. गुन्हा किती घृणास्पद होता ते पाहा, तरीही न्यायालय तारखेपासून हलले नाही. मला याचा अभिमान वाटतो.

सरकारी वकील म्हणतील, मृत्यू जुलैत झाला, गुन्हा तेव्हा पूर्ण झाला. हा मुद्दा हलका घेऊ नका. पण संविधान बोलते ते कृत्याच्या वेळेबद्दल, आणि भाच्याचे कृत्य, म्हणजे गाडी चालवणे, २८ जूनलाच संपले. पुढचे सहा दिवस त्याच्या हातात काहीच नव्हते. अफू जवळ बाळगण्यासारख्या गुन्ह्यात गोष्ट वेगळी असते. नवा कायदा आल्यावरही माल ताब्यात राहिला, तर गुन्हा रोज चालूच असतो. धडक तशी नाही.

याचा अर्थ जुनी संहिता गेली म्हणून खटलाही गेला, असा मात्र नाही. कोणी तसे सांगून फी मागितली तर देऊ नका. न्याय संहितेच्या कलम ३५८ ने जुन्या गुन्ह्यांची जबाबदारी कायम ठेवली आहे. तपास १ जुलैआधी सुरू झाला होता, म्हणून कार्यपद्धतीही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचीच.

शिवाजीनगर न्यायालयात आरोप निश्चित होण्याआधीच तुमच्या वकिलांना लेखी अर्ज द्यायला सांगा : कलम १०६ वगळावे, ३०४-अ धरावे. कलमामुळे खटल्याची रीतही बदलते. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा खटला समन्स पद्धतीने चालतो, त्याहून जास्त असेल तर वॉरंट पद्धतीने.

आणि मामा, आजोबांच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणात भरपाई मागितली असेल, तर गाडीच्या विम्याची कागदपत्रे विनाविलंब द्या. तो दावा वेगळा आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे.