पार्किंगमधून अनवाणी

पत्र

प्रिय मावशी,

मी ३३ वर्षांचा, पुण्यात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात आहे. लग्नाला पाच वर्षं झाली. मला उंच टाचेचे बूट आवडतात. बघायला नाही, घालायला. दोन वर्षांपूर्वी तीन इंची जाड टाचेचे काळे अँकल बूट ऑनलाइन मागवले. घरात घालतो. फरशीवर खट खट वाजलं की पाठ आपोआप ताठ होते, दिवसभराचा शीण उतरतो. मी समलिंगी नाही, मला बाई व्हायचं नाही, साडी-लिपस्टिक यातलं काही नको. फक्त टाच. बायको म्हणते, घरात खुशाल घाल, बाहेर नको. ‘आईंना आणि सोसायटीत मी काय सांगू?’ असं तिचं म्हणणं. (ती माझ्याहून पाऊण इंच उंच आहे. लग्नात आईने तिला सपाट चपलाच घालायला लावल्या होत्या, ते आठवून आता हसू येतं.)

गेल्या महिन्यात हिय्या केला आणि बूट घालून एका मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यापाशी मागून दोन पोरं ‘ए नाच्या’ म्हणाली, शिट्टी मारली. मी तसाच मागे फिरलो, पार्किंगमध्ये येऊन बूट काढले आणि अनवाणी गाडी चालवत घरी आलो. तेव्हापासून बूट कपाटावर आहेत. माझ्यात काही बिघाड आहे का? आणि हे रोज, अगदी ऑफिसातही, ताठ मानेने घालायचे तर आत्मविश्वास कुठून आणू?

– एक वाचक, पुणे

उत्तर

अरे बाळा,

बिघाडाचं आधी उरकून टाकते. नाही. तू काय आहेस आणि काय नाहीस याची यादी देण्याचीही गरज नव्हती. त्या यादीतलं काहीही असतास तरी मी हेच उत्तर दिलं असतं.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलं ते ‘पाठ आपोआप ताठ होते’ हे वाक्य. कारण टाच जन्माला आली तीच मुळी पुरुषाच्या पायाखाली, आणि तीही ताठ उभं राहण्यासाठी. इराणी घोडेस्वार टाचेचे बूट घालत. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा तर पाय पुढे सटकून चालत नाही, टाच रिकिबीला अडकायला हवी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या उमरावांनी ही फॅशन उचलली आणि त्यांच्याकडून ती बायकांकडे गेली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं रिगो नावाच्या चित्रकाराने १७०१ साली काढलेलं भलंमोठं चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, ते इंटरनेटवर शोधून बघ. साठी उलटलेला राजा, पोटऱ्यांवर तलम मोजे, एक पाय दिमाखात पुढे, आणि बुटाची टाच लालभडक. लाल टाच ही त्याच्या दरबारी उमरावांची खूण होती. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांनी टाच टाकून दिली आणि मग ती ‘बायकांची’ ठरली. टोरांटोला सोन्या बाटांनी उभं केलेलं बूट-चपलांचं संग्रहालय आहे (हो, आपल्या शाळेच्या बुटांचेच बाटा). तिथे २०१५ साली पुरुष आणि टाच या विषयावर अख्खं प्रदर्शन भरलं होतं.

एवढ्या लांब जायचं नसेल तर माझ्या आजोळी चल. आमचे आजोबा जाड तळाची कोल्हापुरी वहाण घालत. करकर वाजावी म्हणून कारागिराकडून मुद्दाम तसं करून घेतलेली. ते वेशीपाशी असताना घरात आवाज यायचा. माम्या पदर सावरायच्या, आम्ही पोरं पत्ते लपवायचो. पुरुषाचं पायताण वाजावं, तो येतोय हे दहा घरांना कळावं, याचं तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं. उलट ती ऐट होती. आणि माझ्या धाकट्या दिरांचा १९७६ सालचा फोटो आहे माझ्याकडे: बेलबॉटम, कानांवर आलेले केस, पायात दोन-अडीच इंचांचे प्लॅटफॉर्म. त्या वर्षी कॉलेजातली निम्मी पोरं तशीच फिरत होती. हेच दीर आज मुलाने कानात बाळी घातली म्हणून आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत! असो.

आता ‘नाच्या’. शब्द लागला तुला, लागणारच, तो लागावा म्हणूनच फेकतात. पण शब्द कुणाचा आहे बघ. तमाशातला नाच्या म्हणजे हजरजबाबी, ताला-सुराचा पक्का माणूस. तो ढिला पडला की बतावणी पडली. गणपत पाटलांनी सिनेमात नाच्या असा उभा केला की पिढ्यान्‌पिढ्या तो विसरल्या नाहीत. आणि घरी ते चारचौघांसारखे संसारी गृहस्थ. लोकांना पडद्यावरचा माणूस आणि घरातला माणूस वेगळा काढता येईना, हा दोष लोकांचा. बालगंधर्वांचं तर काय सांगायचं. त्यांचं नऊवारी नेसणं, अंबाड्यात फुलं माळणं बघून घरंदाज बायका तसं करायला लागल्या. आपल्या महाराष्ट्राला पुरुषाने बायकी दिसण्याचं वावडं कधीच नव्हतं. तिकीट काढून बघायला आपल्याला ते फार आवडतं. तोच पुरुष पडदा पडल्यावर रिक्षा स्टँडवर दिसला की मात्र आपली पंचाईत होते. ही लबाडी जुनी आहे, आणि ती दोन पोरं तिचे अगदी शेवटचे, बिनपगारी नोकर.

आत्मविश्वास कुठून आणू, असं विचारतोस. मला विचारशील तर हा प्रश्न निम्मा मनाचा आहे आणि निम्मा घोट्याचा. तीन इंची टाच, मॉलची गुळगुळीत फरशी, सरकता जिना, शनिवार-रविवारची गर्दी, आणि तुझा बाहेरचा पहिलाच दिवस! पोहायला शिकणाऱ्याने ऑगस्टातल्या मुठेत उडी मारावी तशातली गत. घरात वीस पावलांच्या वर कधी चालला नसशील. घोटा डगमगतो, मग नजर खाली जाते, खांदे पडतात, आणि घाबरलेला माणूस टवाळांना लांबूनही कळतो. सपाट चपलेतलासुद्धा.

तेव्हा आधी पायाचं बघू. ते बूट बायकांच्या साच्यावर बेतलेले असणार. पुरुषाचा चवडा रुंद असतो. नंबर बरोबर येऊनही बोटं आवळली जातात आणि चाल बिघडते. बायकांच्या विभागात एक्केचाळीसच्या पुढचा युरोपियन नंबर फारसा मिळतही नाही. नवे घेताना दीड-दोन इंची, रुंद टाचेचे, घोट्याला आधार देणारे घे. पुरुषांच्या बुटांत क्युबन हील नावाचा प्रकार असतो, तोही बघ. लॅटिन नाच शिकणारे पुरुष तसल्या टाचेवर तासन्‌तास गिरक्या घेतात. मापाचे मिळाले नाहीत तर बांधून घे. टाचेखाली जाड रबर लावून घ्यायला कोपऱ्यावरची गटईची टपरी पुरते. त्या काकांना जास्तीचं काही सांगत बसू नकोस. त्यांना बूट दिसतो, ते बुटाचं काम करतात. या बाबतीत अख्ख्या सोसायटीपेक्षा तेच शहाणे निघतील.

मग सराव. आधी टाच टेकवायची, मग चवडा. पाऊल नेहमीपेक्षा आखूड. नजर समोर दहा फुटांवर. जिना चढणं सोपं असतं, उतरताना कठडा धर, लाज वाटून घेऊ नकोस. पुण्याचे पेव्हर ब्लॉक आणि गटारांच्या जाळ्या हे टाचेचे खरे शत्रू, ती पोरं नव्हेत. ओल्या फरशीवर आणि पावसात तर घालूच नकोस. मोटारसायकलवर सपाट बूट घाल, टाचेचे पिशवीत ने. आणि रोज-रोज टाच नको. उंच टाचेवर शरीराचा भार चवड्यावर येतो आणि वर्षानुवर्षं रोज घातल्यास पोटरीचे स्नायू आखडतात. एक दिवस टाच, एक दिवस सपाट, आणि रात्री भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. हे माझ्या पायाच्या अंगठ्याशी आलेलं हाड तुला सांगतंय. तरुणपणी हौसेने टोकदार चपला घातल्या, आता चालताना त्याची फेड करते.

ऑफिसचं म्हणशील तर दोन इंची टाच आणि तिच्यावर नीट उतरणारी पँट यात कुणाच्या फारसं लक्षातही येणार नाही. तिथून सुरुवात कर. कंपनीचे पोशाखाचे नियम आधी वाच, पण ‘घालू का?’ म्हणून कुणाला विचारायला जाऊ नकोस. विचारलं की ‘नको’ म्हणणं फार सोपं असतं. कुणी टोकलंच तर ‘आवडतात मला’ एवढं पुरे. तो घोडेस्वार आणि लुई मी तुझ्यासाठी सांगितले, लोकांना ऐकवायला नाही. जो इतिहास सांगत सुटतो तो माफी मागतोय असंच समोरच्याला वाटतं. कायद्याचा धीर हवा असेल तर २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेहरावाची निवड हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला आहे. तो खटला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा होता. म्हणजे ज्यांना तो ‘नाच्या’सारखा शब्द दगडासारखा रोज खावा लागतो, त्यांनी लढून मिळवलेलं आहे ते. लक्षात असू दे.

आणि एक. रात्री, सुनसान जागी, प्यालेल्या टोळक्यासमोर तत्त्व मांडत बसायचं नाही. सरळ निघून यायचं. तू पार्किंगमधून अनवाणी आलास याचं मला वाईट वाटलं, पण त्यात भित्रेपणा काही नव्हता. तळपाय भाजले असतील तेवढे.

आता तुझ्या कंसाकडे येते. तू बायकोची उंची कंसात टाकलीस आणि वर ‘हसू येतं’ म्हणून लिहिलंस. मी ते वाक्य चारदा वाचलं. हसू कुणाला येतं रे? तुला की तिला?

उंच मुलींची पत्रं माझ्याकडे किती येतात ते सांगू? बघण्याच्या कार्यक्रमात ‘सँडल काढून उभी राहा’ म्हणतात. फोटोत तिला एक पायरी खाली उभं करतात. लग्नात तर मुलगा बुटका दिसू नये ही जबाबदारी मुलीच्या चपलेची! तुझ्या बायकोने शालू नेसून, आयुष्यातल्या सगळ्यात नटण्याच्या दिवशी, तुझ्या पाऊण इंचासाठी सपाट चपला घातल्या. तू शेजारी उभा होतास, काही बोलला नाहीस. त्यानंतर पाच वर्षं तिने टाच घातली का, हे पत्रात नाही. तुझ्या लक्षात आलं असेल असंही मला वाटत नाही. आणि आता तूच तीन इंची टाचेवर घरभर खट खट करत फिरतोस आणि तिने ‘आईंना काय सांगू’ म्हटलं की तुला ती मागासलेली वाटते. अरे, त्या आईंनीच तर तिची टाच काढून घेतली! त्यांना आता ‘तुमच्या मुलाला टाच आवडते’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं तिने?

चुकतही असेन मी. पत्र तुझं आहे, तिचं नाही. तिला टाच मुळात आवडतच नसेल. कित्येकींना नाही आवडत. जपानात २०१९ साली नोकरीवर टाच सक्तीची नको म्हणून बायकांनी ‘कुतू’ नावाची चळवळ केली. त्यांच्या भाषेत बूट म्हणजे ‘कुत्सु’ आणि वेदना म्हणजे ‘कुत्सू’, त्यावरून ते नाव. तिथे बायका टाच उतरवायला भांडतात, इथे तू चढवायला भांडतोस. दोघांचं भांडण एकाशीच आहे: माझ्या पायात काय असावं हे दुसऱ्याने ठरवायचं नाही. मग ते तिच्या पायांनाही लागू नको का?

म्हणून ऑफिस, मॉल, आत्मविश्वास सगळं बाजूला ठेव आणि आधी तिच्यापाशी बस. त्या दिवशी मी आईला काही बोललो नाही, माझं चुकलं, एवढं म्हण. पुढचं तिला बोलू दे, मध्ये तोंड घालू नकोस. आईला उत्तर द्यायचं ते तू द्यायचं, सुनेने नाही. सोसायटीत कुणी खोचकपणे विचारलंच तर तिने ‘त्यालाच विचारा’ म्हणून लिफ्टचं बटण दाबायचं. नवऱ्याच्या प्रत्येक वेगळेपणाचा खुलासा बायकोकडे मागायची आपल्याकडे रीत आहे. तिच्या भीतीचं मूळ मला तिथे दिसतं, बुटांत नाही.

तिला हवी असेल तर तिच्यासाठीही एक जोड घ्यायला दोघं मिळून जा. पहिल्यांदा बाहेर पडाल तेव्हा संध्याकाळी ओळखीच्या रस्त्यावरून, जेवायला वगैरे, जिथे बसायला खुर्ची असेल. ती उंच दिसेल, तूही उंच दिसशील. पाऊण इंच होता तिथेच राहील.

कपाटावरचे बूट काढशील तेव्हा आतून एकदा उन्हात ठेव, पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. आणि तिच्या पायाचा नंबर तुला ठाऊक आहे का, तेवढं मला पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी