पोर्तुगाल की स्पेन? त्याआधी पगार कोण देतो ते पाहा

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीतली कायम नोकरी न सोडता पत्नी आणि पाच वर्षांच्या मुलासह दोन-तीन वर्षे पोर्तुगाल किंवा स्पेनमध्ये राहता येईल का, आणि त्यांतले सोपे कोणते. मी २०२३ पासून पोर्तुगालमध्ये डी८ (परदेशी उत्पन्नावर दूरस्थ काम करणाऱ्यांच्या) व्हिसाच्या वाटेने राहत आहे, आणि अनुभवाने सांगतो की देश निवडण्याआधी आपण भारतीय कंपनीचे पगारदार आहात की परदेशी ग्राहकांचे कंत्राटदार, हे पाहावे. अर्धे पर्याय तिथेच गळतात.

स्पेनचेच पाहा. वरवर पाहता तो स्वस्त वाटतो, कारण दूरस्थ काम करणाऱ्यांच्या व्हिसासाठी उत्पन्नाची अट तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट आहे; २०२५ च्या दराने ती दरमहा सुमारे २,७६३ युरो होती. पण पत्नीसाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि मुलासाठी २५ टक्के मिळवले की आकडा ४,१४० च्या पुढे जातो. खरी अडचण मात्र सामाजिक सुरक्षेची, म्हणजे निवृत्तिवेतन, आरोग्य वगैरेंसाठीच्या सक्तीच्या वर्गणीची आहे. भारत आणि स्पेन यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नसल्यामुळे पगारदाराच्या बाबतीत भारतीय कंपनीलाच तिथे नोंदणी करून वर्गणी भरण्याची वेळ येते, आणि एका कर्मचाऱ्यासाठी एवढा व्याप करायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. कंत्राटदाराने स्वतःची स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी केली की हा प्रश्न सुटतो. म्हणून परदेशी ग्राहक असलेल्यांना मी स्पेन सुचवतो, आपल्याला नाही.

पोर्तुगालच्या डी८ ला किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागते. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, म्हणजे दरमहा ३,४८० युरो. हा आकडा दर जानेवारीत वाढतो. मागील तीन महिन्यांची सरासरी पाहतात आणि आपला पगार रुपयांत आहे, त्यामुळे २०२५ च्या अटीप्रमाणे युरो शंभर रुपये धरून साडेतीन लाखांवर जेमतेम पोहोचत असाल तर रुपया थोडा घसरला तरी अर्ज अटीखाली जाईल. हातात पंधरा टक्के तरी जास्तीचे ठेवा. कुटुंबासाठी बचतीचा पुरावा वेगळा.

सगळ्यांत जास्त वेळ कंपनीच्या पत्रात जातो. माझ्या तेव्हाच्या कंपनीने दिलेल्या पहिल्या पत्रात ‘कर्मचाऱ्यास घरून काम करण्याची मुभा आहे’ एवढेच वाक्य होते. ते घर कोणत्या देशात, याचा उल्लेख नव्हता. अर्थातच शंका निघाली आणि दोन महिने गेले. पत्रात पद, वेतन, कराराची मुदत आणि ‘पोर्तुगालमधून दूरस्थ काम करण्यास अनुमती’ हे स्पष्ट शब्दांत हवे. कंपनीचा कर विभाग इथे अडतो, कारण कर्मचारी तिथे बसल्यामुळे कंपनीचे त्या देशात कायमचे आस्थापन असल्याचे मानले जाऊन करभार येईल, अशी त्यांना भीती असते आणि ती अगदीच निराधार नाही. तेव्हा व्हिसाचे शुल्क भरण्याआधी हे पत्र हातात घ्या.

डी८ चे दोन प्रकार आहेत. एक वर्षभरापर्यंतचा तात्पुरता मुक्काम; दुसरा निवासाचा, ज्यात चार महिन्यांच्या व्हिसावर जाऊन तिथल्या ‘आयमा’ या कार्यालयात दोन वर्षांचा परवाना घ्यायचा असतो. मुलाची शाळा पाहता आपण दुसराच घ्यावा.

कागदपत्रांत नावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे जुन्या पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा. पत्नीचे बँक खाते माहेरच्या नावाने. भारतात कोणाला ते खटकत नाही, पोर्तुगालमध्ये ती दोन माणसे वाटतात. विवाह आणि जन्माच्या दाखल्यांवर अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण) करून घेण्याआधीच नावे जुळवा, नाहीतर तो खर्च पुन्हा करावा लागेल. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. तो सर्वांत शेवटी काढा, कारण त्याची मुदत थोडी असते.

कराबाबत एकच सांगतो. पगार भारतातील खात्यात जमा होत राहिला तर आपण अनिवासी झालात तरी तो भारतात करपात्र राहू शकतो, आणि वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास पोर्तुगालही कर मागेल. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण सवलत आपोआप मिळत नाही, विवरणपत्रात मागावी लागते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला १८२ दिवसांची जी मर्यादा मिळते, ती भारतीय कंपनीचेच काम तिथून करणाऱ्याला लागू होते का, यावर मतभेद होऊ शकतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी सनदी लेखापालाकडून लेखी मत घ्या. ऑक्टोबरमध्ये निघालात तर त्या आर्थिक वर्षापुरते आपण निवासीच धरले जाल, हे निश्चित.

थायलंडच्या डीटीव्ही या पाच वर्षांच्या व्हिसाचाही आपण उल्लेख केला आहे. पाच लाख बाट दाखवले की तो तुलनेने लवकर मिळतो, पण एका प्रवेशावर १८० दिवस राहता येते. तो मुक्काम आहे, निवास नव्हे. कंपनी पत्र देईना, तर मात्र पोर्तुगालचा हट्ट धरण्यापेक्षा आधी नोकरीचे रूपांतर कंत्राटात होते का, हे विचारून पाहा आणि मग स्पेनचा हिशोब पुन्हा मांडा.