पर्यवेक्षक की निरीक्षक?

धरणगावच्या एका वाचकाने विचारलंय: जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, रात्रपाळीचं काम सांभाळणाऱ्या माणसाच्या नेमणूकपत्रात 'पर्यवेक्षक' लिहायचं की 'निरीक्षक'? दोघंही पाहणारेच, मग फरक कशात?

पर्यवेक्षक लिहा. दोन्ही शब्दांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हाच धातू आहे. परि + अव + ईक्षक म्हणजे चहूकडून लक्ष ठेवणारा, आणि निर् + ईक्षक म्हणजे बारकाईने न्याहाळणारा. पण खरा फरक व्युत्पत्तीपेक्षा कामावर उभं राहिलं की कळतो.

रात्री दोनला एखादं जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, अडलं, तर ते बंद करायला लावणारा, तिथला माणूस दुसऱ्या जिनावर पाठवणारा, सरकीचा ढीग हलवून घेणारा तो पर्यवेक्षक. सकाळी रुईच्या गाठी कमी भरल्या तर मालक जाब त्यालाच विचारतो. कारखाना निरीक्षक बाहेरून येतो. कायद्याने त्याला आत शिरून यंत्रं आणि नोंदवह्या तपासायचा अधिकार दिलाय. फिरत्या पट्ट्याला जाळी आहे का, हजेरीची नोंद नीट आहे का, हे तो नियमाशी ताडून पाहतो, शेरा लिहितो आणि जातो. त्या रात्री गाठी किती झाल्या, हा त्याचा प्रश्नच नाही.

परीक्षेत तीन तास वर्गात फिरणारे पर्यवेक्षक, पूर्वी कृषी सहायकांच्या कामावर लक्ष ठेवायचा तो कृषी पर्यवेक्षक, हेही याच अर्थाने. पोलीस निरीक्षक मात्र अख्खं ठाणं चालवतो, तिथे ही फोड लागू पडत नाही. ते पदाचं रूढ नाव आहे.

अडलं तर 'देखरेख' आणि 'तपासणी' हे शब्द लावून पाहा. देखरेख करतो तो पर्यवेक्षक, तपासणी करतो तो निरीक्षक. अहिराणीत पाहण्याला 'देखनं'च म्हणतो आपण, त्यामुळे ही खूण खान्देशात कुणालाही सांगता येते.

'मुकादम' का नको, असंही तुम्ही विचारलंत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुढे असलेला. रावेर-सावद्याकडे केळी कापायला टोळी घेऊन येतो तो मुकादम. मजूर त्याने आणलेले असतात. तुमच्या माणसाने कुणाला आणलेलं नाही.

आणि छापताना 'परिवेक्षक' होऊ देऊ नका. परि + अवेक्षक, इथे 'इ'चा 'य्' होतो, म्हणून पर्यवेक्षक. 'परिवीक्षा' हा शब्द वेगळा. नवा माणूस कायम होण्याआधीचा जो काळ, तो परिवीक्षाकाळ, आणि तुमच्या नेमणूकपत्रात कदाचित तोही शब्द येईल.