जिनिंगच्या कापसाच्या गाठींवर असतात तशी जाड, उभट, तुटक अक्षरं मराठीत हवी आहेत, कोणता फॉन्ट घेऊ?

भाऊ, जुन्या जिनिंगच्या शेडात ढाबा काढून रायले अन् नाव ‘कापूस’ ठेवलं म्हणता, तर बोर्डाला हीच अक्षरं शोभतील. पण तयार तुटक फॉन्ट शोधत बसू नका, टेको नाहीतर खंड हा साधा फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत, उभट आहेत, सगळ्यात जाड वजन निवडा अन् कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये काप स्वतः मारा.

मी तालुक्याला रेडियम-फ्लेक्सचं दुकान चालवतो, त्याआधी दोन सीझन प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापूस दाबून गाठी बांधतात तिथं, गाठींवर मार्का मारायचो. १७० किलोची गाठ, तिच्यावर पत्र्याचा साचा दाबून धरायचा, ब्रशचा काळा रंग निथळू द्यायचा अन् उभा ब्रश आपटत न्यायचा. मालकाला एकदा मराठीत नाव पाहिजे होतं, मी हौसेनं पत्रा कापला अन् ‘प’च्या पोटातला तुकडा टणकन खाली पडला. आता मारा रंग, प नाही, काळा ठोकळाच उमटते! अक्षर तुटक असते ते स्टाईल म्हणून नाही बावा, तो मधला तुकडा बाहेरच्या पत्र्याले धरून राहावा म्हणून पूल सोडलेला असतो.

इंग्रजीत ओ, ए, बी असे मोजकेच त्रास देतात. आपल्याकडे शिरोरेघ आली की प, स चं पोट बंद, क चा गोल तर तसाही बंदच, म्हणजे तुमचं अख्खं नावच. वरून रेघ सलग कापली तर दोन अक्षरांमधला पत्रा खालूनच धरलेला राहते, जिभेसारखा उचलते अन् रंग आत पळतो. म्हणून रेघ दर अक्षराला तोडायची, अन् प-स ला पोटाच्या बरोबर वर अजून एक काप, म्हणजे पत्र्यात तिथं पूल राहते अन् तुकडाही टिकतो. क ला मात्र काप गोलातून, बाजूने.

पण हेच म अन् घ ला करू नका, वरची रेघ तुटली की म चा भ होतो अन् घ चा ध. उद्या ‘मजा’ लिहिलं तर लोक ‘भजा’ वाचतील, ढाब्याला चालेल म्हणा. तिथं पूल बाजूच्या दांडीतून काढा.

जाड उभट अक्षरात आतली फट आधीच बारीक, पूल फार नाजूक ठेवला तर रंगानं बुजते. सगळे पूल एकाच जाडीचे ठेवा.

खाली इंग्रजी ओळ पाहिजे असेल तर बिग शोल्डर्स स्टेन्सिल घ्या, उभट आहे, फुकट आहे. कॉम्प्युटरमध्ये ‘स्टेन्सिल’ नावाचा दिसतो तो घेऊ नका, १९३७ ची अमेरिकन डिझाइन आहे ती, पसरट अन् गोलसर, मिलिटरीच्या पेटीवरचा वाटतो, जिनिंगचा नाही.

अन् बोर्ड बनवायच्या आधी पुठ्ठ्यावर एक ‘पू’ कापा, जुन्या बारदान्यावर रंग मारा अन् रस्त्याच्या पलीकडून पाहा. मी तेवढं केलं नाही, म्हणून मालकाच्या नावातला काळा ठोकळा महिनाभर गाठींवर बसून मुंबईले जात रायला.