ताई, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय

या महिन्यात दोन पत्रं अशी आली की एकाला दुसऱ्याच्या शेजारी ठेवावंसंच वाटलं, म्हणून दोन्ही एकत्र घेतेय. पहिलं फुलस्केपची सहा पानं होतं, ते कापलंय आणि ओळखू येईल असं सगळं काढलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची पारोळा तालुक्यातली, वय २५. बीकॉम अमळनेरला केलं, ६१ टक्के. आता जळगावला मामांकडे राहते आणि एका डाळमिलच्या ऑफिसात अकाउंटचं बघते, पगार ११ हजार. आमच्या मिलचं काम बघणाऱ्या सीए मॅडम महिन्यातून एकदा येतात. मागच्या वर्षी मी २५ किलोच्या पिशव्यांच्या बिलातली एक चूक पकडली होती, तेव्हापासून त्या मागे लागल्यात की इथे किती दिवस बसणार, सीए इंटरला (सीएची मधली परीक्षा) बस, पुस्तकं माझी घेऊन जा. पुस्तकं दिली पण त्यांनी. सहा महिने झाले, मामींच्या कपाटावर पडून आहेत, वरून चादर टाकलीय. खरं सांगू का ताई, मला वाटतं मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय, मी तशी नाहीच. आठवीत गणिताच्या सरांनी भर वर्गात माझी वही खिडकीतून बाहेर फेकली आणि म्हणाले, तुम्ही कापूसच वेचणार, तुम्हाला गणित कशाला. सगळा वर्ग हसला. मी वही आणायला गेले तर मधल्या सुट्टीपर्यंत आत घेतलं नाही. आई म्हणते, ‘त्या बोली जातीन, भोगनं तुले पडी.’ आता मॅडम यायच्या दिवशी मी मुद्दाम गोडाऊनला काटा पावत्या आणायला जाते. परीक्षा दिली आणि नापास झाले तर त्यांना कळेल की चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला. त्यांना फसवतेय असं वाटतं. काय करू?

उत्तर : अगं बाई, आधी तुझ्या पत्राचाच हिशोब करू या, तुझं कामच आहे ते. मूळ पत्रात त्या वहीच्या प्रसंगाला तू दीड पान दिलंयस, खिडकीचा रंगसुद्धा लिहिलायस. आणि पिशव्यांच्या बिलाला? अर्धी ओळ. एक तेरा वर्षांची मुलगी वर्गाबाहेर उभी होती त्याचं दीड पान आणि पंचवीस वर्षांच्या बाईने अख्ख्या मिलमध्ये कोणाला न दिसलेलं पाहिलं त्याची अर्धी ओळ. खतावणी अशी लिहिली असतीस तर मॅडमनी तुला दुसऱ्या दिवशी हाकललं असतं.

आता ती अर्धी ओळ मी जरा ताणते, कारण वाचणाऱ्यांना कळायला हवं की तू काय केलंस. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, पण पिशवी २५ किलोपर्यंतची असेल तरच. ३० किलोची गोणी असेल तर काही नाही. म्हणजे डाळ तीच, मशीन तेच, हमालही तेच, नुसत्या पिशवीच्या मापावर कर. आणि तुमच्याकडे (हे तू पाचव्या पानावर जाता जाता लिहिलंयस) बिलं करणाऱ्या मुलाने २५ चा आणि ३० चा माल एकाच नावाखाली बिनकराची म्हणून टाकली होती आणि तू ते कशावरून पकडलंस तर बारदान आणि पिशव्यांच्या खरेदीचा आकडा विक्रीशी जुळेना म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं तुला जुळवायला. तू बसून जुळवलंस, कारण तुला ते खटकलं.

मॅडमनी हे पाहिलंय. आणि मॅडमचा धंदा काय आहे ते लक्षात घे, बाई सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांच्या आकड्यांवर संशय घेते, त्याचेच पैसे मिळतात तिला. शेठ म्हणतात बरोबर आहे, ती म्हणते दाखवा. अशा बाईने तुझ्याबद्दल ‘हिला जमेल’ म्हणणं आणि लग्नात भेटलेल्या एखाद्या काकूने ‘हुशार आहे हो पोरगी’ म्हणणं यात फरक आहे की नाही? काकूचं बोलणं कौतुक असतं, ते जेवणाबरोबर विसरायचं. मॅडमचं बोलणं तपासणीचा शेरा आहे. तू म्हणतेस तिचा गैरसमज झालाय, म्हणजे तुझं म्हणणं असं की इतर सगळीकडे त्यांची नजर पक्की आणि फक्त तुझ्याच बाबतीत चुकली. हा जरा गर्वच झाला नाही का!

फसवतेय असं वाटणं, हे मात्र तुझं एकटीचं नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये हेच लिहिलं, चांगल्या शिकलेल्या, नाव कमावलेल्या बायका त्यांच्यासमोर बसून सांगायच्या की आम्ही खऱ्या हुशार नाही, लोकांना अजून कळलेलं नाही एवढंच. डिग्र्या भिंतीवर टांगलेल्या आणि तरी तेच. त्यामुळे पास झालीस की हे आपोआप जाईल असंही मी म्हणणार नाही.

माझंच सांगते. मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. बावीसाव्या वर्षी एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीत लागले तेव्हा तिथे एक म्हातारे उपसंपादक होते, आम्ही आप्पा म्हणायचो. मी केळीच्या भावावर एक बातमी लिहिली, रावेरला जाऊन आले होते, फार भारी वाटत होती मला. आप्पांनी लाल पेन घेतला आणि पहिला अख्खा परिच्छेद उडवला. परत लिहिली. परत उडवला. तिसऱ्यांदा मी कागद त्यांच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं तुम्हीच लिहा मग. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘बाकीच्यांचं मीच लिहितो. तुझं परत पाठवतो.’ बस एवढंच. चहा मागवला एक, स्वतःसाठी. मी संडासात जाऊन रडले आणि मग चौथ्यांदा लिहिली. ती छापली गेली तेव्हा त्यात लाल एकच खूण होती, वेलांटीची.

त्या दिवशी मला काय मिळालं ते मला फार वर्षांनी कळलं. आप्पा मला चांगलं म्हणाले नव्हते, कधीच म्हणाले नाहीत. पण माझ्यासाठी त्यांनी मोजमाप खाली आणलं नाही. आम्हा गावाकडच्या पोरींना दोनच गोष्टी माहीत असतात, एक तर वही फेकणारे आणि दुसरे ‘असू दे गं, तुझ्या मानाने छान’ म्हणणारे. ‘तुझ्या मानाने’ म्हणजे काय हो? मला विचाराल तर वही फेकणाऱ्याइतकंच वाईट आहे ते, फक्त गोड आहे.

तुला अजून एक सांगते आणि हे जरा उलटं आहे. रोझेन्थाल आणि जेकबसन म्हणून दोघांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग केला होता, १९६८ ला पुस्तक आलं. शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की आमच्या चाचणीनुसार ही मुलं या वर्षी जोरात पुढे जाणार. नावं खरं तर अशीच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली. वर्षाने पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्ध्यंक चाचणीतली वाढ इतरांपेक्षा जास्त निघाली, वरच्या वर्गात फारसा फरक नाही. त्यावर पुढे भरपूर भांडणं झाली आणि असंही दिसलं की शिक्षक मुलांना आधीपासून नीट ओळखत असतील तर अशी बाहेरून दिलेली शिफारस चालत नाही, लोक आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात. आता बघ, तिथे शिफारस खोटी होती तरी लहानग्यांना थोडी लागू पडली. तुझ्या मॅडमला कोणी चिठ्ठी दिलेली नाही. त्यांनी वर्षभर तुझी एंट्री न् एंट्री बघितलीय.

पण त्यांच्या विश्वासाने तुला किती दिवस पुरेल हा प्रश्न आहेच. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की ‘मला जमेल’ हे माणसाला कशातून वाटायला लागतं, त्यात दुसऱ्याने सांगणं हे कमकुवत आणि स्वतः करून जमलेलं सगळ्यात पक्कं. मॅडमचं बोलणं म्हणजे विरजण आहे गं, पण दूध तापवायला नको का? सहा महिने कपाटावर चादरीखाली ठेवल्यावर विरजणही उतरतं.

म्हणून इंटरच्या पेपरांचा पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), लग्न, आईचं बोलणं हे सगळं एकदम डोक्यात घेऊ नकोस. आज रात्री टॅक्सेशनचं पुस्तक खाली काढ. इंटरच्या पहिल्या ग्रुपमधला तिसरा पेपर, १०० मार्कांचा, त्यात ५० मार्क जीएसटीचे. म्हणजे अर्धा पेपर तू रोज दहा ते सहा लिहितेसच! त्यातलं इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचं, प्रकरण घे आणि त्याची गणितं सोडव, आणि मॅडम येतील त्या दिवशी गोडाऊनला पळू नकोस, वही पुढे ठेव. चुका निघतील, लाल होईल वही. होऊ दे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघ, तुला कळेल गैरसमज झालाय की नाही.

पोटापाण्याचंही बोलते, कारण विश्वासाने घरभाडं निघत नाही. कॉमर्स ग्रॅज्युएटला ५५ टक्के असले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला नाव नोंदवता येतं, तुझे ६१ आहेत. आताच्या योजनेत इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही, म्हणजे तोवर मिलची नोकरी सोडायची गरज नाही, हे आईला सांग, तिचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडेल. पुढे आर्टिकलशिप दोन वर्षांची, स्टायपेंड तुझ्या पगारापेक्षा कमी असू शकतो, तेव्हा घरी काय द्यायचं हे मॅडमशी सरळ पैशात बोल, लाजू नकोस. पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५० लागतात आणि भल्याभल्यांना दोन-तीन अटेम्प्ट लागतात. तुलाही लागतील कदाचित. त्यात मॅडमची फसवणूक कुठे आली? त्यांनाही विचार एकदा, त्या किती वेळा बसल्या होत्या.

आईवर चिडू नकोस. ती तुला खाली ओढत नाहीये, तिने पडलेली माणसं जास्त पाहिलीत आणि उठलेली कमी. तिला पुस्तकातलं नको सांगूस, ती पिशव्यांची गोष्ट सांग. कापूस विकताना काट्यावर मापात मारलेलं तिला बरोबर कळतं, हेही कळेल. आणि जाता जाता, कापूस वेचणाऱ्या बाईला गणित येत नाही असं ज्या सरांना वाटलं त्यांनी कधी संध्याकाळी वेचणीचा हिशोब होताना बघितलेला दिसत नाही.

प्रश्न : मी शहाद्याकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. अकरावीतला एक मुलगा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा, फार तल्लख आहे. मी दोन वर्षं त्याला सांगतोय की तू कलेक्टर होणार, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर पण सांगितलं, स्पर्धा परीक्षेची मासिकं लावली. आता तो मला टाळतो. सुट्टीच्या दिवशी बाजारात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसलेला असतो, आवाजावरून बेअरिंग गेलंय का कॉइल ते सांगतो म्हणे. इकडे शाळेच्या बोअरची मोटर पंधरा दिवस बंद, टँकरने पाणी, माझं लक्ष सगळं त्यातच. मी विश्वास टाकला ते चुकलं का?

उत्तर : सर, विश्वास तुम्ही मुलावर टाकलात की कलेक्टरवर? रागावू नका. तल्लख मुलगा दिसला की आपल्याकडे लगेच लाल दिवाच दिसतो (आता तर तो गाडीवरून कधीच गेला, पण आपल्या डोक्यातून जात नाही). आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलंत म्हणजे दीडशे पोरांनी त्याला ‘काय कलेक्टर’ म्हणून किती छळलं असेल हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नसणार.

वरच्या पत्रातल्या मॅडमनी आधी काम पाहिलं आणि मग बोलल्या. तुम्ही आधी बोललात. एवढाच फरक. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही त्यांच्याकडे होतं, आणि तिथल्या गोष्टींमध्ये गुरुजी मुलांना भविष्य सांगताना दिसत नाहीत, खोली झाडताना, मुलांचे कपडे धुताना दिसतात. ज्याची चादर शिक्षकाने घडी घातली त्या मुलाला तू मोलाचा आहेस असं वेगळं सांगावं लागत नाही.

होईलही तो कलेक्टर, किंवा आयटीआयला जाईल, किंवा इंजिनियरिंगला, ते त्याला ठरवू द्या. तुम्ही तूर्त मासिकं बाजूला ठेवा. रविवारी त्या दुकानात जा, चहा घ्या, त्याला विचारा की हे आवाजावरून कसं ओळखतोस, आणि तो सांगेल तेवढं ऐका, मध्ये बोलू नका. आणि ती शाळेची मोटर, वरून परवानगी वगैरे काय लागेल ते तुम्ही काढा, लाइट बंद केल्याची खात्री तुम्ही स्वतः करा, दुकानदारालाही बोलवा सोबतीला, पण उघडायला त्याला सांगा. तुम्ही पान्हा धरून बाजूला बसा.